लुळ्या हाताला काम द्या

कोणी ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतं, डॉक्टर पक्षाघात म्हणतात, कन्नडमध्ये पार्श्ववायू. नाव काहीही असो, माणूस वाचला, चार पावले चालू लागला की घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. मागे राहतो तो हात. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना उजव्या बाजूचा पक्षाघात झाला. बोलणे शाबूत राहिले, पण हात गेला. तेव्हापासून निपाणीच्या आमच्या घरात या हाताचीच चर्चा असते.

सुरुवातीला हात नुसता लोंबायचा. काही आठवड्यांनी उलटेच झाले. कोपर दुमडले, मनगट आत वळले, बोटांची घट्ट मूठ झाली. शेजारच्या काकूंना वाटले, ताकद आली! पण हा ताठरपणा होता. स्नायू ताणला की तो उलट आवळतो. ही मज्जारज्जूची सवय असते आणि एरवी मेंदू तिला लगाम घालतो. मेंदूला इजा झाली की हा लगाम सुटतो. म्हणून झटक्याने ओढलेला हात जास्त ताठतो, सावकाश ताणलेला थोडा सैल होतो. व्यायामाच्या वेळी सासूबाई ‘निधान, निधान’ म्हणून ओरडायच्या, ते शास्त्राला धरूनच होते.

खांद्याला तर फारच जपावे लागते. रुग्णाला उठवताना दुबळा हात कधीही ओढू नये. सांधा सैल झालेला असतो, तो खाली सरकतो आणि दुखणे मागे लागते. दोरी-कप्पी लावून हात वर ओढण्याचा व्यायामही टाळावा. बसताना हाताखाली उशी द्यावी.

खरा प्रश्न होता जेवणाचा. डाव्या हाताने जेवायचे कसे, म्हणून भेटायला येणारी प्रत्येक बाई मायेने घास भरवू बघायची. फिजिओथेरपिस्ट ताईंनी ते बंद केले. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला आणि उजव्याच हातात दिला. वापरच थांबला तर मेंदू त्या हाताला विसरत जातो, असे त्या म्हणाल्या. अमेरिकेत २००६ साली २२२ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाच्या चांगल्या हातात दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ, जाड मोजा घातला आणि दुबळ्या हाताकडून कामे करून घेतली. वर्षानंतरही तो गट पुढे होता. मात्र ज्यांचे मनगट आणि बोटे थोडी तरी उघडतात, त्यांच्यासाठीच हा उपाय आहे. हालचाल अगदीच कमी असेल तर आरशात चांगल्या हाताचे प्रतिबिंब बघत व्यायाम करवतात.

मूठ इतकी आवळली की नखे तळव्यात रुततात, तेव्हा बोटॉक्सचे इंजेक्शन देतात. ते महाग असते आणि असर साधारण तीन महिने टिकतो. त्या काळात व्यायाम केला तरच पैसे सार्थकी लागतात. ताठरपणाच्या गोळ्यांनी झोप येते, तेव्हा त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२३ मध्ये अशा रुग्णांसाठी, झेपत असल्यास, आठवड्यातून पाच दिवस, रोज किमान तीन तास उपचार सुचवले आहेत. आपल्याकडे थेरपिस्ट येतात अर्धा-पाऊण तास. बाकीचा वेळ घरानेच भरून काढायचा. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पण नंतर दार बंद होत नाही.

आज सासूबाई उजव्या हाताने परात धरून ठेवतात आणि डाव्याने ज्वारीचे पीठ मळतात. मी भाकरी म्हणते, त्या रोट्टी म्हणतात. थापायला अजून जमत नाही, ते माझ्याकडे. पण परात हलत नाही, हे काही थोडे नाही. तुमच्या घरी असे कोणी असेल तर त्यांच्यासमोर शेंगा ठेवा, टेबल पुसायला फडके द्या, आणि वेळ लागला तरी त्यांच्या हातातले काम काढून घेऊ नका.