आधी हिस्सा हातात, मग माफी

आषाढात दवनीवाड्याच्या शिवारात उभे राहिले की बांधीत वाकलेल्या बायका दिसतात. पाय चिखलात, एका हातात पऱ्ह्यांची जुडी आणि दुसऱ्या हाताने एकेक रोप रोवत मागे मागे सरकायचे. गोंदिया जिल्हा धानाचा. रोवणी, निंदणी, कापणी यांतले बरेचसे काम बायकांच्याच हातून होते. पण त्याच बांध्यांचा सातबारा उघडला तर बाईचे नाव शोधावे लागते. ही गोष्ट सगळ्याच समाजांत दिसते. मात्र ज्यांच्या घरात मुलीचा वाटा चौदा शतकांपूर्वीच ठरवून दिलेला आहे, त्यांनी तरी तिचा विचार वेगळ्या गांभीर्याने करायला हवा.

दवनीवाड्यातलेच एक घर डोळ्यांसमोर आणू या. घर काल्पनिक आहे, पण असे घर प्रत्येकाच्या ओळखीत सापडेल. अब्बांचे निधन झाले. मागे आठ एकर धानाची शेती, अम्मी, दोन मुलगे आणि तीन विवाहित मुली. अब्बांवर कर्ज नाही, वसीयत नाही. सूरह अन्-निसामधील नियमाप्रमाणे हिशेब असा होतो: मुले असल्यामुळे अम्मीला आठवा हिस्सा, म्हणजे एक एकर. उरलेल्या सात एकरांत प्रत्येक मुलाला दोन आणि प्रत्येक मुलीला एक एकर. दोन मुलांचे चार, तीन मुलींचे तीन. हिशेब एका कागदावर मावतो.

चाळिसाव्याला तिन्ही बहिणी माहेरी आल्या. जेवणे झाली, पाहुणे गेले. मोठा भाऊ एक कागद घेऊन आला. “आपा, फक्त एक सही हवी आहे. तहसीलच्या कामाला लागते.” तो कागद हक्कसोडपत्राचा होता. अम्मी खाली मान घालून बसल्या होत्या. थोरली काही बोलली नाही. मधली म्हणाली, “भाईजानने आमच्यासाठी काय नाही केले?” धाकटीने शेवटी सही केली, कारण दोघी मोठ्या बहिणींनी केली होती.

सर्वांनी खुशीने हक्क सोडला, असे गावात सांगितले गेले. प्रश्न एवढाच आहे, की ही खुशी होती का?

संमती कशाला म्हणायचे?

नीतिशास्त्रात हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने एक उदाहरण घेतले. समुद्रात वादळ उठते. जहाज वाचावे म्हणून नाखवा आपला माल स्वतःच्या हाताने पाण्यात टाकतो. हे त्याने खुशीने केले की नाखुशीने? ॲरिस्टॉटल अशा कृतीला संमिश्र म्हणतो. त्या क्षणी निवड नाखव्याचीच असते, पण वादळ नसते तर कोणताही शहाणा माणूस आपला माल समुद्रात फेकणार नाही.

आपल्या तीन बहिणींनीही एकेक एकर पाण्यात टाकले. जहाज होते माहेर. हिस्सा मागितला तर भाऊ बोलणार नाही, ईदला बोलावणे येणार नाही, उद्या सासरी काही बरेवाईट झाले तर परतायला दार उरणार नाही, ही भीती म्हणजे ते वादळ. आणि हे वादळ आभाळातून आलेले नव्हते. ते घरातल्याच माणसांनी उठवले होते, कुणी बोलून, कुणी गप्प राहून.

इमाम गजाली (मृत्यू इ.स. 1111) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथात याच जागी बोट ठेवले आहे. पती पत्नीला इतके त्रासवतो की ती सुटका करून घेण्यासाठी मेहर माफ करते. वरवर पाहता माफी झाली, न्यायाधीशही ती मान्य करील. पण गजाली विचारतात, तिचे मन राजी होते का? चारचौघांत लाजेपोटी दिलेल्या पैशाबद्दलही त्यांचे मत असेच आहे. एकाला चाबकाचा मार नको म्हणून पैसे द्यावे लागतात, दुसऱ्याला बेअब्रू नको म्हणून. मार शरीरावर असो की मनावर, घेणाऱ्यासाठी तो माल निर्मळ होत नाही. कागदावरचा निर्णय आणि अल्लाहसमोरचा हिशेब एकच नसतो, हे त्यांचे सांगणे आहे.

जर्मन तत्त्वज्ञ कांट (1724–1804) वेगळ्या वाटेने जवळपास इथेच पोहोचतो. माणसाला केवळ आपल्या कामाचे साधन म्हणून वापरू नये, असे तो सांगतो. “तहसीलच्या कामाला लागते” एवढेच सांगून घेतलेली सही म्हणजे बहिणीला साधन बनवणे होय. आपण कशावर सही करतो आहोत, हेही तिला नीट कळलेले नसते.

नेहमीची चार उत्तरे

पहिले उत्तर: “तिच्या लग्नात जहेज दिले, तोच तिचा हिस्सा.” वारसा मृत्यूनंतर सुरू होतो. हयातीत दिलेले भांडे, पलंग, गाडी ही भेट असते, वाटणी नसते. आणि भेटींचाच हिशेब मांडायचा असेल तर भावांच्या शिक्षणाचा, दुकानाच्या भांडवलाचा आणि त्यांच्या लग्नांचाही मांडावा लागेल. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांचा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांना साक्षीदार व्हायला सांगितले. प्रेषितांनी विचारले, सर्व मुलांना असेच दिले आहे का? उत्तर नाही असे येताच त्यांनी साक्ष द्यायला नकार दिला.

दुसरे उत्तर: “एक एकर घेऊन ती काय करणार?” ही अडचण खरी आहे. बांधीचे तुकडे पाडणे शेतीला परवडत नाही, आणि महाराष्ट्रात 1947 चा तुकडेबंदीचा कायदाही आहे. पण वाटा देणे म्हणजे बांध घालणे नव्हे. सातबारावर सर्वांची नावे सामाईक राहू शकतात. शेती भावाने कसावी आणि बहिणीला तिच्या एकराचे धान किंवा ठेक्याची रक्कम दरसाल पोहोचवावी. तेही नको असेल तर बाजारभावाने तिच्या एकराची किंमत द्यावी, हवी तर हप्त्यांनी. ज्याला द्यायचे असते त्याला वाट सापडते.

तिसरे उत्तर कायद्याचे असते. 1937 च्या शरीअत कायद्याच्या कलम 2 मध्ये शेतजमीन वगळलेली आहे, त्याकडे बोट दाखवले जाते. कायदेशीर बाजू वकिलाकडून समजून घ्यावी. पण मनाशी एवढे विचारावे, की कुरआनमध्ये घराला एक नियम आणि शेताला दुसरा असे कुठे आहे? उलट, मागे सोडलेली संपत्ती थोडी असो वा जास्त, तीत पुरुषांचाही वाटा आहे आणि स्त्रियांचाही, असेच तिथे बजावले आहे.

चौथे उत्तर: “मुलीला निम्माच का, यावर आधी बोलू.” त्यावर अवश्य बोलावे. पती आणि पित्यावर असलेली खर्चाची जबाबदारी, मेहर, आजची बदललेली परिस्थिती, सगळ्यावर बोलावे. पण चर्चा अर्ध्या वाट्याची आणि व्यवहार शून्याचा, ही आपली आजची स्थिती आहे. एक भाग मुळीच न देणाऱ्याला दोन भागांचे समर्थन शोभत नाही.

पडद्याआडून विचार

अमेरिकन विचारवंत जॉन रॉल्स याने 1971 च्या आपल्या ग्रंथात एक कसोटी सुचवली. नियम ठरवताना स्वतःचे स्थान विसरा. आपण कोण म्हणून जन्माला येणार हे ठाऊक नाही, असे समजा. भावांनी ही कसोटी घरात लावून पाहावी. उद्या या घरात मी भाऊ म्हणून येईन की बहीण म्हणून, हे माहीत नसते, तर चाळिसाव्याच्या संध्याकाळी तो कागद मी पुढे केला असता का?

ज्या आयतींनी हे वाटे ठरवले, त्यांच्यामागेही अशीच घटना सांगितली जाते. उहुदच्या लढाईत सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. दोन मुलींना घेऊन त्यांची पत्नी प्रेषितांकडे दाद मागायला आली. आयत उतरल्यावर त्या भावाला सांगण्यात आले, की दोन तृतीयांश मुलींना दे, आठवा हिस्सा त्यांच्या आईला दे, उरेल ते तुझे. हक्क मागायला आलेल्या त्या स्त्रीला कुणी लोभी म्हटले नाही.

हक्कसोड शेजारच्या घरांतही होतेच. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, तरी राखीच्या नात्याची आण घालून सह्या घेतल्या जातात. पण याच महाराष्ट्राच्या खेड्यांत शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली आणि अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग आपणहून पत्नीच्या नावे केला. शेतकऱ्याचा हात जमीन द्यायला उचलतच नाही, हे खरे नाही.

घरात काय करता येईल?

मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसांची माहिती द्यावी, आणि त्या यादीत अम्मी व सर्व बहिणींची नावे असावीत. यादीतून नाव गाळणे हा तर उघड खोटेपणा आहे. हिशेब सर्वांसमोर, आकड्यांसह वाचून दाखवावा. दुःखाच्या दिवसांत कुणाचीही सही घेऊ नये.

त्यानंतर बहिणीला खरोखरच हक्क सोडायचा असेल तर तीन प्रश्न विचारावेत. आपला वाटा किती आणि त्याची किंमत काय, हे तिला ठाऊक आहे का? ती नाही म्हणाली तरी नाते तसेच राहील, असे भावाने स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे का? आणि वाटा एकदा तिच्या नावावर, तिच्या ताब्यात आला आहे का? जे हातात आलेच नाही त्याची माफी कसली? आधी हिस्सा द्यावा. वर्षभर त्या एकराचे धान तिच्या घरी जाऊ द्यावे. मग तिने परत केले तर ती तिची देणगी, आणि भावाने ती मान खाली घालून घ्यावी.

मातांनाही एक विनंती आहे. त्या संध्याकाळी अम्मी गप्प बसल्या, कारण त्यांनीही कधीतरी अशाच कागदावर सही केली होती. एका शब्दाने त्या ही साखळी तोडू शकतात: “पहिले तिला तिचे द्या.”

आणि बहिणींनो, हक्क मागणे म्हणजे भावाशी वैर नव्हे. दुसऱ्याचे खाल्ल्याच्या ओझ्यातून तुम्ही त्याला सोडवत असता.

अल्लाह आपल्या सर्वांना हक्कदाराचा हक्क हसतमुखाने देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.