कॉफीच्या दुकानांचं मोल: पीई गुणोत्तर नेमकं काय सांगतं?

किंमत आणि मोल हे शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. पण किंमत बाजारात लिहिलेली असते, मोल मात्र आपल्याला ठरवावं लागतं. आज हा फरक एका ठोस गोष्टीवर लावून पाहू: कॉफीची दुकानं चालवणाऱ्या कंपनीचा शेअर. तो घ्या किंवा घेऊ नका, हे आम्ही सांगणार नाही. एका आकड्यावरून निष्कर्ष काढताना आपण नेमकं काय करतो, एवढंच तपासायचं आहे. हल्ली निवृत्तीची पुंजी घेऊन अनेक जण बाजारात उतरतात आणि "पीई फक्त आठ, म्हणजे स्वस्त" एवढ्या वाक्यावर पैसे लावतात. म्हणून हा विषय.

नवी पेठेतला एखादा गाळा घ्यायचा झाला, तर आपण काय विचारतो? भाडं किती येतं, आणि पैसे किती वर्षांत वसूल होतात? पीई, म्हणजे किंमत-उत्पन्न गुणोत्तर, हाच प्रश्न आहे. शेअरचा भाव भागिले एका शेअरच्या वाट्याला येणारा वर्षाचा नफा.

एक कल्पित कंपनी घेऊ. तिची २०० दुकानं आहेत. पगार, भाडं, दूध, व्याज, कर सगळं जाऊन दुकानामागे वर्षाला १० लाख उरतात. एकूण नफा २० कोटी. शेअर आहेत २ कोटी. म्हणजे प्रति शेअर नफा १० रुपये. बाजारात भाव ३०० असेल, तर पीई झाला ३०. नफा आहे तेवढाच राहिला, तर वसुलीला तीस वर्षं!

आता हेच उलटं करून बघा. ३०० रुपयांवर १० रुपये, म्हणजे साधारण सव्वातीन टक्के. बँकेची मुदत ठेव सात टक्के देत असेल, तर तिचा 'पीई' झाला चौदा. ठेव तर जास्त सुरक्षित. मग शेअरला चौदाच्या जागी तीस का मोजायचे? एकच कारण: नफा वाढेल, असा विश्वास. म्हणजे या गुणोत्तरात दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. नफा हा झालेल्या गोष्टीचा हिशोब, आणि गुणक हा न झालेल्या गोष्टीवरचा विश्वास. भागाकार झाला की दोन्हींचा मिळून एकच आकडा दिसतो, आणि तो मोजमाप असल्यासारखा वाटतो.

हा विश्वास किती महाग पडू शकतो? समजा आपल्या कंपनीचा नफा दरवर्षी १५ टक्के वाढला. पाच वर्षांत १० चे २० रुपये झाले. उत्तमच! पण तोवर दुकानं सगळीकडे झाली, वाढ मंदावली, आणि बाजार म्हणाला, आता तीस नाही, पंधराच देऊ. वीस गुणिले पंधरा, भाव पुन्हा ३००. कंपनीनं दिलेला शब्द पाळला आणि आपण जागच्या जागी.

गुणक एका दिवसातही हलतो. १३ ऑगस्ट २०२४ रोजी स्टारबक्सनं ब्रायन निकोल यांना प्रमुख म्हणून आणत असल्याचं जाहीर केलं, आणि शेअर एका दिवसात सुमारे २४ टक्के चढला. त्या दिवशी जगात कॉफीचा एक कपही जास्त खपला नसेल. नफा तोच होता, विश्वास बदलला.

आता आपल्याकडे या. स्टारबक्सचं भारतातलं पहिलं दुकान ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला उघडलं. पण टाटा स्टारबक्सचा शेअर बाजारात मिळत नाही. त्यातली अर्धी मालकी टाटा कन्झ्युमरची, आणि तिचा शेअर घेतला की सोबत चहा आणि मीठही येतं. तिच्या पीईवरून कॉफीच्या दुकानांबद्दल काय कळणार?

खरा धडा आहे तो कॅफे कॉफी डेचा. व्ही. जी. सिद्धार्थ यांनी १९९६ मध्ये बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर पहिलं दुकान काढलं. मूळ कंपनी कॉफी डे एंटरप्रायझेसनं ऑक्टोबर २०१५ मध्ये ३२८ रुपये दरानं शेअर विकून १,१५० कोटी उभे केले. २ नोव्हेंबरला, म्हणजे व्यवहाराच्या पहिल्याच दिवशी, शेअर सुमारे १८ टक्के खाली बंद झाला. कंपनी तेव्हा तोट्यात होती. तोटा असला की पीई निघतच नाही. पैसे किती वर्षांत वसूल होतील या प्रश्नाला उत्तरच नसतं. शिवाय लोकांना वाटलं आपण कॉफी घेतोय. प्रत्यक्षात त्या शेअरमध्ये माइंडट्रीतला हिस्सा, मालवाहतूक, बंगळूरचं टेक पार्क आणि काही हजार कोटींचं कर्ज होतं.

२०१९ मध्ये माइंडट्रीतला सुमारे २० टक्के हिस्सा लार्सन अँड टुब्रोला विकला गेला. सिद्धार्थ आणि त्यांच्या कंपन्यांना मिळून सुमारे ३,२०० कोटी रुपये मिळाले. त्याच जुलैत सिद्धार्थ यांचा दुर्दैवी मृत्यू झाला आणि शेअर कोसळला. आता गंमत बघा. त्या आर्थिक वर्षाच्या हिशोबात विक्रीचा तो एकदाच झालेला नफा आला, आणि कोसळलेल्या भावाला त्यानं भागलं की पीई हास्यास्पद वाटावा इतका लहान निघत होता. आकडा म्हणत होता, "अतिस्वस्त!" आणि कंपनी कर्ज फेडायला मालमत्ता विकत होती.

न्यायदर्शनात अनुमानाचं नेहमीचं उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं अग्नी आहे. पण दिसलं ते धुकं असेल तर? नियम बरोबरच राहतो, हेतू मात्र असिद्ध ठरतो. "कमी पीई म्हणजे स्वस्त" या अनुमानात नफा हा धूर आहे. घरातलं सोनं विकून आलेला पैसा म्हणजे धुकं. तो पुढच्या वर्षी येणार नाही.

आणि कधी ताळेबंदाबाहेरच प्रश्न असतो. सेबीनं जानेवारी २०२३ च्या आदेशात म्हटलं, की सात उपकंपन्यांतून ३,५३५ कोटी रुपये प्रवर्तकांशी संबंधित एका कंपनीकडे वळवले गेले, आणि २६ कोटींचा दंड केला. असं काही असलं, तर पीई कितीही काळजीपूर्वक काढा, आपल्याला त्यातून ते दिसत नाही.

मग पीई टाकून द्यायचा का? नाही. तो पहिला प्रश्न म्हणून चांगला आहे, शेवटचं उत्तर म्हणून वाईट. आकडा समोर आला की चार गोष्टी विचाराव्यात. हा नफा कॉफी विकून आला की काही मालमत्ता विकून? जुन्या दुकानांची विक्री वाढतेय, की फक्त नवी दुकानं उघडली जातायत? कर्ज किती, आणि व्याज भागल्यावर काय उरतं? आणि एवढा गुणक मोजताना आपण पुढची किती वर्षं गृहीत धरतोय? या चौथ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून पाहा. लिहिताना हात थांबला, तर पैसेही थांबवावेत.