अनोळखी राहण्याचा हक्क : पंचवीस वर्षांचा मागोवा

ठाण्याच्या कापूरबावडीवरून कशेळीच्या पुलाकडे जाणाऱ्या भिवंडी रस्त्यावर बाळकुम लागते. आधी आगरी-कोळ्यांचे गाव, मग कारखान्यांचा शेजार आणि आता गगनचुंबी गृहसंकुलांची वस्ती, अशी स्थित्यंतरे ज्या गावाने दोन पिढ्यांच्या अवधीत पाहिली, त्या गावात माणसाची ओळख कोण, कशासाठी आणि कोणत्या अधिकाराने नोंदवून घेतो, ही रीतही तितक्याच वेगाने पालटली. पूर्वी ओळख पाड्यावरून आणि घराण्यावरून पटे, आणि तिची सरकारी नोंद तलाठ्याच्या दप्तरी, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर असे. संकुले उभी राहिल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याचे नाव, भ्रमणध्वनीचा क्रमांक आणि कोणत्या घरी जायचे तो तपशील फाटकावरच्या वहीत चढू लागला. आणि ती वही अशी की, सही करताना वरच्या दहा ओळींतले दहा इसम कोण, कोणाकडे आणि किती वाजता आले, हे कोणालाही सहज वाचता यावे. तरीही या दोन्ही नोंदी माणसाच्या डोळ्यांदेखत होत होत्या. गेल्या पंचवीस वर्षांत आंतरजालावर जी नोंद सुरू झाली तिचे स्वरूप याहून मूलतः भिन्न आहे, आणि ते भिन्नत्व आपल्या ध्यानी फार उशिरा आले, असे माझे मत आहे.

शतक पालटताना ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे स्टेशनालगतच्या गल्ल्यांतून तासाच्या भाड्याने संगणक देणारे सायबर कॅफे निघाले, आणि अनेक घरांचा आंतरजालाशी पहिला परिचय तेथेच झाला. माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 रोजी अमलात आला. पुढे एप्रिल 2011 मध्ये निघालेल्या नियमांनी असे फर्माविले की, गिऱ्हाइकाचे ओळखपत्र पाहिल्याविना त्याला यंत्रावर बसू देऊ नये, नोंदवही निदान एक वर्ष जपून ठेवावी आणि दोन यंत्रांमधील आडोसा साडेचार फुटांहून उंच नसावा. हे नियम कठोर होते, आणि वाचणाऱ्याच्या पाठीमागे कायम कोणीतरी उभे आहे अशी भावना उत्पन्न करणारे होते. परंतु त्यांत एक प्रामाणिकपणा होता. आपले नाव लिहून घेतले गेले हे गिऱ्हाइकाला ठाऊक असे, आणि नको वाटल्यास उंबऱ्यावरून परत फिरण्याची मुभाही त्याला असे.

ओळखीची खूण स्वहस्ते देण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मराठेशाहीच्या दस्तऐवजांत गावचा पाटील आपल्या नावापुढे नांगराची निशाणी काढी. ती निशाणी म्हणजे मजकूर मान्य असल्याची ग्वाही. याच्या अगदी उलट टोकाला इंग्रजी अंमलातील गुन्हेगार जमाती कायदा येतो. 1911 च्या त्या कायद्याने नोंदलेल्या जमातींच्या माणसांचे बोटांचे ठसे घेण्याचा आणि त्यांना हजेरीस बांधून घेण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत पिढ्या वाढल्या, आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द होईपर्यंत केवळ जन्मामुळे माणूस संशयित ठरत राहिला. त्या जुलमाची आणि आजच्या आंतरजालावरील जाहिरातदारांच्या हिशेबाची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. ती अनुचित ठरेल. मात्र ज्या प्रांताने ही दोन्ही टोके पाहिली, त्याला खूण देणे आणि खूण काढून घेणे यांतील अंतर निराळे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

आंतरजालावरील खूण किती दगा देऊ शकते, याचा विदारक अनुभव 2007 साली पुण्याला आला. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांची अवमानना करणारा मजकूर टाकल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्यास पकडून आणले आणि त्याला सुमारे पन्नास दिवस येरवड्याच्या कारागृहात काढावे लागले. मागाहून निष्पन्न झाले ते असे की, जोडणीच्या ज्या आकडी पत्त्यावरून (आयपी ॲड्रेस) त्याचा माग काढला होता त्याचा तपशीलच पोलिसांना चुकीचा मिळाला होता. यंत्राने दाखविलेली ओळख आणि माणूस ही एकच वस्तू होय, हे गृहीतक तेथेच ढासळावयास हवे होते.

परंतु घडले ते निराळेच. वाचकांचा माग काढणाऱ्या जाहिरातदारांना आकडी पत्त्याहून अधिक टिकाऊ खूण हवी होती. कुकी त्याआधीच आली होती; 1994 साली नेटस्केप कंपनीत लू माँटुली यांनी तिची योजना केली. ती वाचकाच्या यंत्रात ठेवलेली चिठ्ठी असल्यामुळे वाचकाला शोधून पुसता येई. जानेवारी 2010 मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेच्या पीटर एकर्स्ली यांनी असा प्रयोग मांडला की, यंत्रात काहीही न ठेवता, केवळ ब्राउझर आपण होऊन जे सांगतो त्यावरून तो ओळखता येतो काय, हे पाहावे. पडद्याची लांबीरुंदी, घड्याळाचा कालविभाग, भाषेचा क्रम, ब्राउझरला जोडलेले प्लगइन आणि यंत्रातील टंकांची (फॉन्टची) यादी, अशा गोष्टी त्यांनी तपासल्या. सुमारे पावणेपाच लाख ब्राउझरांपैकी 83.6 टक्के ब्राउझर त्या संग्रहात एकमेवाद्वितीय निघाले. फ्लॅश किंवा जावा हे प्लगइन असणाऱ्यांत तर हे प्रमाण 94.2 टक्के होते. 2012 साली आणखी एक युक्ती पुढे आली. संकेतस्थळ वाचकाला न दिसणारे एक चित्र त्याच्याच यंत्राकडून रेखाटून घेते आणि त्यातील ठिपके परत वाचते. अशा चित्रफलकावर (कॅनव्हास) आकृती आणि अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची यंत्रायंत्राची रीत किंचित निराळी असल्याने त्या ठिपक्यांतून यंत्राची ओळख पटण्यास मदत होते; अशा ओळखपद्धतींनाच ब्राउझरचे ठसे घेणे म्हणतात.

या तपशिलांत मराठी वाचकाचे एक विशेष दुखणे दडलेले आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ झालीच नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीत वाचावयाचे तर टंक उतरवून घ्यावा लागे. ज्या त्या वृत्तपत्राचा टंक निराळा, श्रीलिपी निराळी, शिवाजी आणि किरण निराळे. ज्या घरात चार मराठी नियतकालिके वाचली जात, त्या घरच्या संगणकावर असा टंकसंचय जमे की तो जगात क्वचितच अन्यत्र आढळावा. आणि एकर्स्लींच्या प्रयोगात सर्वाधिक चुगली करणाऱ्या गोष्टींत टंकांची यादीच होती. ही यादी ज्याच्याद्वारे मिळे ते फ्लॅश 2020 अखेर निकालात निघाले, तरी यादी काढण्याची रीत मेली नाही. पानात दृष्टीआड एक शब्द मांडावयाचा, तो एकेका टंकात बसवून त्याची रुंदी मोजावयाची. टंक यंत्रात असेल तर रुंदी बदलते, नसेल तर तीच राहते. डीटीपीचे काम करणाऱ्या ठाण्यातील एखाद्या छापखान्याचा संगणक अशा मोजणीत शेकडो यंत्रांतून सहज वेगळा पडतो. त्यात भाषेच्या यादीत मराठी पहिली ठेवली, आणि घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असले, जे भारत आणि श्रीलंका यांखेरीज कोठे आढळत नाही, म्हणजे ओळखीचे वर्तुळ फारच आकसते.

प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविलेला मंगल हा टंक विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला, तेव्हा आपण त्याचे कौतुक केले ते मराठी लिहिण्याची सोय झाली म्हणून. आज मागे वळून पाहता त्याचा आणखी एक उपकार जाणवतो : सर्वांच्या यंत्रात एकच टंक आल्याने मराठी वाचक प्रथमच एकमेकांसारखे दिसू लागले, आणि या क्षेत्रात संरक्षण आहे ते मुख्यतः सारखेपणातच.

हे तत्त्व न उमगल्यामुळे मधल्या काळात सुशिक्षितांनीही निरुपयोगी उपायांवर भिस्त ठेवली. खासगी खिडकी उघडल्याने इतिहास आणि कुकी टिकत नाहीत, पडदा आणि टंक मात्र तेच राहतात. व्हीपीएनने आकडी पत्ता बदलतो, इतकेच. उत्साहाने दहा-बारा संरक्षक विस्तार जोडून घेणारा तर त्या दुर्मीळ मेळामुळेच उठून दिसण्याचा संभव असतो. टिकणारे उपाय ब्राउझर घडविणाऱ्यांकडून आले. टॉर ब्राउझर सर्वांना एकाच ठरावीक टंकसंचात बसवितो, घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर दाखवितो आणि खिडकीची मापे ठोकळ्यांत बांधतो. सफारीने 2018 पासून वाचकाने स्वतः बसविलेले टंक संकेतस्थळांपासून झाकले. फायरफॉक्सने जानेवारी 2020 पासून ठसे घेणाऱ्या ज्ञात ठिकाणांना आपण होऊन अटकाव केला. मात्र इंग्रजीखेरीज अन्य भाषेत टॉर ब्राउझर वापरणाऱ्यास तो असाही प्रश्न करतो की, गोपनीयतेसाठी पाने इंग्रजीतून मागवावीत काय. तांत्रिक दृष्ट्या तो सल्ला बिनचूक आहे, आणि म्हणूनच तो मला अस्वस्थ करतो. लपावयाचे असेल तर मातृभाषा बाजूस ठेवावी, हा सौदा मराठी माणसाने मुकाट्याने पत्करू नये.

कायद्याची वाटचाल याच काळात समांतर चालली. आधारचा आरंभ 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी झाला. त्यातून उपजलेल्या वादात 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्या पीठावर नागपूरचे शरद बोबडे होते आणि धनंजय चंद्रचूडही होते, ज्यांनी आणीबाणीतील 1976 च्या हेबियस कॉर्पस खटल्यातील बहुमताचा निर्णय, म्हणजे आपले पिताजी यशवंतराव चंद्रचूड ज्यात सामील होते तो निर्णय, सदोष म्हणून मोडीत काढला. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिलेल्या बी. एन. श्रीकृष्ण यांच्या विदासंरक्षण (विदा म्हणजे डेटा) समितीने 2018 च्या जुलैत अहवाल दिला, वैयक्तिक विदासंरक्षणाचा कायदा ऑगस्ट 2023 मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम निघण्यास नोव्हेंबर 2025 उजाडले. दरम्यान 16 फेब्रुवारी 2025 पासून गूगलने जाहिरातदारांवरील ठसे घेण्याची बंदी सैल केली. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने त्या निर्णयास बेजबाबदार म्हटले.

नव्या कायद्यातील एक कलम मला विशेष मोलाचे वाटते. विदा कशासाठी घेतली जाते याची सूचना नागरिकास इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळाली पाहिजे. नियमांतील मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या असल्याने ही सूचना बाळकुमच्या वाचकापर्यंत पोहोचण्यास अद्याप अवधी आहे. तोवर तिच्या मसुद्यात टंक, पडदा, चित्रफलक आणि घड्याळ यांच्या मोजणीचा उल्लेख नावानिशी असावा, ही मागणी ग्राहक पंचायतींनी, वकिलांनी आणि मराठी संस्थांनी आताच लावून धरावयास हवी.