किती थेंब?

कलकत्त्याच्या इस्पितळातला संधिवाताचा एक रुग्ण. दुपारी दोन वाजता त्याला गांजाची राळ दिली, एक ग्रेन, म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. चारला गडी गाऊ लागला, आणखी जेवण आणा म्हणून आरडाओरडा करू लागला, आणि आपण ठणठणीत असल्याचं त्याने जाहीर करून टाकलं. सहाला झोपला. आठला पाहतात तर शुद्ध नाही. श्वास मात्र नियमित. हात उचलून ठेवावा तिथेच राही, जणू मेणाचा पुतळा! रात्री एकच्या सुमारास तो भानावर आला.

ही हकिगत लिहिली डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी, १८३९ साली. (पुढे हिंदुस्थानात तारायंत्र आणलं तेही याच गृहस्थांनी.) इथल्या वैद्य-हकिमांना विचारून, आधी कुत्र्यांवर प्रयोग करून मगच ते माणसांकडे वळले होते. त्यांच्यामुळे हे औषध विलायतेला पोचलं आणि काही दशकं चाललंही. मागे पडलं ते मात्रेपायी. एका खेपेचा अर्क कडक, दुसरीचा पाणचट; शिवाय पाण्यात विरघळत नाही, म्हणून सुईतून देता येईना. मॉर्फिन देता येत होतं. पुढे १८९९ मध्ये अ‍ॅस्पिरिन बाजारात आलं.

या अर्कात नेमकं काय आहे, हे कळायला १९६४ उजाडलं. इस्रायलचे राफाएल मेशुलाम पोलिसांकडून पाच किलो चरस घेऊन चक्क बसने प्रयोगशाळेत गेले. वासाने सहप्रवासी चुळबुळत होते म्हणे. त्यातून त्यांनी आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी वेगळं काढलं. नशा आणतं ते हेच. दुसरं घटकद्रव्य सीबीडी, त्याने झिंग येत नाही. १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूत टीएचसीसारखं काम करणारं, शरीरातच तयार होणारं द्रव्य सापडलं. त्याचं नाव ठेवलं आनंदमाइड, आपल्या ‘आनंद’वरून.

टीएचसी ज्या ग्राहींना चिकटतं ते मज्जारज्जूत आणि मेंदूत भरपूर आहेत, पण श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या बुंध्यात फार थोडे. अफूच्या जातीच्या औषधांचा डोस चुकला तर श्वास थांबतो, तसं इथे सहसा होत नाही. कलकत्त्याच्या त्या रुग्णाचा नियमित श्वास इथे आठवावा.

मग दुखणं थांबतं का? थोड्यांचं, थोडंसं. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२१ मध्ये मांडलेला हिशेब असा: ओढण्याऐवजी पोटातून किंवा जिभेखाली घेतलेल्या औषधाने, खोट्या गोळीच्या तुलनेत, शंभरातल्या जेमतेम दहा जास्तीच्या माणसांना जाणवण्याइतका आराम पडतो. जागतिक वेदना-अभ्यास संघटनेने त्याच वर्षी वेदनेसाठी याची सरसकट शिफारस करायला नकार दिला. जर्मनीत २०१७ पासून डॉक्टर आणि ब्रिटनमध्ये २०१८ पासून तज्ज्ञ डॉक्टर हे लिहून देऊ शकतात. चक्कर, गुंगी, तोंडाला कोरड हे नेहमीचं. घरात मनोविकाराचा इतिहास असेल तर धोका मोठा. मला स्वतःला ‘रामबाण’ म्हणणाऱ्यांची जितकी धास्ती वाटते, तितकीच ‘गांजा’ शब्द ऐकताच कानावर हात ठेवणाऱ्यांची कीव येते.

आपल्याकडचा कायदा गमतीचा आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात चरस आणि फुलोऱ्याचा गांजा गुन्हा, पण शेंड्याविना नुसती पानं व्याख्येबाहेर. आयुर्वेदातली ‘विजया’, म्हणजे भांगच, याच फटीतून बाटलीत उतरते. महाराष्ट्रात भांगेला पुन्हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा परवाना लागतो, ते वेगळंच.

अशीच एक बाटली भाच्याने माझ्या मावशीच्या गुडघ्यांसाठी मागवली. हिरवट तेल, ड्रॉपर, मुखवासासारखा वास. पहिल्या दिवशी तिने दोन थेंब घेतले, तासभर वाट पाहिली, काहीच होईना म्हणून आणखी चार घेतले. पोटातून घेतलेलं तेल चढायला एक-दोन तास लागतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “अगं, गुडघा आहे तिथेच आहे, पण मीच कुठेतरी निघालेय.”

तिच्या डॉक्टरांनी बाटली उलटीसुलटी करून पाहिली. अर्क किती मिलिग्रॅम ते छापलेलं होतं. त्यात टीएचसी किती, सीबीडी किती, याचा पत्ता नव्हता. मावशी रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफरिन घेते आणि सीबीडीने त्याचा जोर वाढू शकतो. “थेंब मोजून काय उपयोग, थेंबात काय आहे तेच माहीत नाही,” असं म्हणत त्यांनी बाटली टेबलाच्या आपल्या बाजूला सरकवली.

मावशीने ड्रॉपर तेवढा धुऊन परत मागितला. डोळ्यांच्या औषधाला होईल म्हणे.