दंड कशाचा झाला?

लोणावळ्याच्या बाजारपेठेत चिक्कीच्या दुकानापाशी म्हणा, वडगावच्या तहसील कचेरीत दाखल्यासाठी तिष्ठत बसलेल्या मंडळींत म्हणा, मोबाईलचा विषय निघाला की कोणीतरी अत्यंत खात्रीपूर्वक सांगतोच, 'व्हॉट्सॲपवाले आपले सगळे मेसेज वाचत होते, म्हणून तर सरकारने त्यांना दोनशे कोटींचा दंड ठोकला.' या विधानात दंड तेवढा खरा. त्याचे कारण मात्र सर्वस्वी कपोलकल्पित, आणि संताप येतो तो याचा की, या खोट्या कारणाच्या गदारोळात खरे कारण कोणी ऐकूनच घेत नाही.

भारतीय स्पर्धा आयोगाने 18 नोव्हेंबर 2024 रोजी व्हॉट्सॲपची मालक असलेल्या 'मेटा' कंपनीस 213.14 कोटी रुपयांचा दंड केला, तो संदेशवाचनाबद्दल नव्हे. दोन व्यक्तींमधील संदेश 2016 पासून अशा रीतीने कूटबद्ध होतात की, मध्यस्थ कंपनीसही त्यांतील मजकूर उलगडत नाही. परंतु पाकीट न फोडताही पाकिटावरून पुष्कळ कळते: क्रमांक कोणता, यंत्र कोणते, वेळ कोणती, व्यवहार कोणत्या व्यापाऱ्याशी. तुंगार्लीतल्या बंगलेवाल्याशी मुंबईच्या पाहुण्याने भाड्यासाठी केलेली घासाघीस कंपनीने वाचली नाही, तरी ती झाली एवढे तिला ठाऊक असते, आणि जाहिरातीच्या धंद्यात तेवढेही थोडे नसते.

जानेवारी 2021 मध्ये जाहीर झालेल्या व्हॉट्सॲपच्या धोरणाने, असली माहिती मेटाच्या अन्य कंपन्यांकडे जाऊ देणे पत्करा, नाहीतर व्हॉट्सॲप सोडा, असे फर्मान काढले. 2016 च्या धोरणात जुन्या ग्राहकांस तीस दिवसांत नकार कळवण्याची मुभा तरी होती. ती या वेळी उरली नाही. आणि युरोपातील ग्राहकांवर, तेथील कायदा खमका असल्यामुळे, ही सक्ती झाली नाही. जेथे भाजीवाल्यापासून शाळेच्या बाईंपर्यंत सारा गाव एकाच माध्यमावर आहे, तेथे 'सोडा' हा पर्याय नामधारीच, म्हणून अशी संमती ही संमतीच नव्हे, असा आयोगाच्या निर्णयाचा आशय. खटला हेरगिरीचा नव्हता. 2002 च्या स्पर्धा कायद्याखाली वर्चस्वाच्या दुरुपयोगाचा होता.

'आता सरकारने बंदोबस्त केला' म्हणून निर्धास्त झालेल्यांनी पुढचाही इतिहास ऐकावा. 4 नोव्हेंबर 2025 रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण जाहिरातीसाठी माहिती देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी रद्द केली. प्रकरण तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमुखाने सांगितले होते. मुंबई उच्च न्यायालयात न्यायदान केलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाविषयी 2018 मध्ये अहवाल दिला. कायदा झाला 2023 मध्ये, नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि बहुतेक बंधनांस त्यानंतरही दीड वर्षाची मुदत! आपल्या दप्तरशाहीची ही चाल नवी नाही.

किरकोळ गैरसमजांना इतकी जागा नको. दंडाची रक्कम ग्राहकांत वाटली जात नाही, सरकारी खजिन्यात जमा होते. 'माझी छायाचित्रे वापरण्यास माझी परवानगी नाही' असे निवेदन फेसबुकावर डकवल्याने, खाते उघडताना केलेला करार बदलत नाही. तीन निळ्या खुणा म्हणजे सरकारने संदेश पाहिला, ही निव्वळ अफवा. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयानेच ती खोडली आहे. नवा कायदा सरकारलाही तितकाच बांधतो, असे समजणाऱ्यांनी त्याचे 17 वे कलम वाचावे. आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राने त्यात राखून ठेवला आहे.

आणि हा कायदा केवळ बड्या कंपन्यांपुरता, हेही खरे नव्हे. पावसाळ्यातल्या दर शनिवारी पाहुण्यांच्या आधारकार्डांची छायाचित्रे मागवून ती वर्षानुवर्षे मोबाईलमध्ये साठवणारा बंगलेवालाही त्याच्या कक्षेत येतो. काम संपले आणि कोणत्या कायद्याने वा नियमाने ती जपण्यास सांगितले नसेल, तर ती पुसून टाकण्याचे बंधन ती दीड वर्षाची मुदत सरताच त्यालाही लागू होईल.