तेरची पांढर

धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर, तेरणेच्या काठी तेर आहे. आज पाहाल तर मोठं खेडंच. काळ्या रानाच्या कडेला मधूनच पांढरट टेकाडं दिसतात. जुनी वस्ती पडून, राख-शेण-विटांचा चुरा साचून झालेल्या अशा मातीला आपल्याकडे ‘पांढर’ म्हणतात. तेरचा खरा दप्तरखाना तोच.

दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रप्रवासाची वही लिहिली. तीत भरूचहून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’ असं गाव येतं. तगरहून कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भरूच बंदराला जाई. जाडंभरडं खूप, मलमलही. पुढे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत राहिले. राज्य कोकणात, बिरुद मात्र तगरचं. हे तगर नेमकं कुठलं, यावर विद्वानांत बरीच ओढाताण झाली. कुणी जुन्नर म्हणे, कुणी धारूर. 1901 साली फ्लीट या अभ्यासकाने ते तेर असल्याचं मांडलं आणि पुढच्या उत्खननांनी त्याला पुरावा दिला.

तरी तेरची ओळख पटवून घ्यायची, तर मला बिरुदांपेक्षा संग्रहालयातल्या बाहुल्या जवळच्या वाटतात. केओलिन म्हणजे पांढरी बारीक चिकणमाती. पुढच्या अंगाचा एक साचा, मागच्याचा दुसरा. दोन्हींत माती दाबायची, अर्धुकं जोडायची, सांधा पुसायचा. बाहुली आतून पोकळ. एवढ्याशा मूर्तीत केसांची ठेवण, कानातली जड भूषणं, गळ्यातल्या माळा सगळं उमटलेलं. इथेच एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली आहे. तिची जवळची बहीण निघाली ती इटलीत, इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईत!

हे सगळं राखलं ते रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच माणसाने. पदरमोड करून, रानात-पांढरीत निघालेल्या हजारो वस्तू त्यांनी गोळा केल्या. पुराणवस्तू शहरात पोचल्या की गावाला पोरक्या होतात. इथे त्या गावातच राहिल्या, हे मला मोठं वाटतं.

त्रिविक्रम मंदिरही पाहावं. मागची भिंत अर्धगोल, छत गजपृष्ठाकार. बौद्ध चैत्याची ठेवण स्पष्ट दिसते. आत मात्र पाय उचललेला विष्णू. बांधणी विटांची, आणि तेरच्या जुन्या विटांची गंमत अशी की त्या पाण्यावर तरंगतात. माती मळताना भाताचं तूस घालत; भट्टीत ते जळून जाई आणि वीट सच्छिद्र, हलकी होई.

मातीच्या या गावात संत निपजला तोही कुंभार. गोरोबाकाकांची समाधी नदीकाठी आहे. चैत्रात तिथे यात्रा भरते. भजनाच्या नादात चिखल तुडवताना पायाखाली आलेल्या लेकराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मला दुसरी आवडते. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंनी कोपऱ्यातलं थापटणं दाखवून हे काय म्हणून विचारलं. काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते याने कळतं. मग माणसंही पाहा की! काका एकेकाच्या डोक्यावर थापटत निघाले. सगळे गप्प बसले; नामदेव तेवढे रागावले, आणि कच्चे ठरले.