कळफलक लघुमार्ग (दस्तऐवजाची मांडणी)

कळफलक लघुमार्ग म्हणजे संगणकाच्या कळफलकावरील दोन किंवा अधिक कळा एकत्र दाबून संगणकाला आज्ञा देण्याची पद्धत होय. व्यवहारात तिला ‘शॉर्टकट’ किंवा ‘शॉर्टकट की’ असे म्हटले जाते. वर्ड प्रोसेसर प्रकारच्या संगणक प्रणालींत अक्षरे ठळक करणे, परिच्छेद मध्यभागी आणणे, शीर्षकाची शैली लावणे इत्यादी कामे हात कळफलकावरून न उचलता करता यावीत, हा या लघुमार्गांचा मुख्य उद्देश असतो.

मांडणीच्या लघुमार्गांचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारातील लघुमार्ग मजकुराचे केवळ बाह्यरूप बदलतात, तर दुसऱ्या प्रकारातील लघुमार्ग तो मजकूर दस्तऐवजात कोणती भूमिका बजावतो हे नोंदवतात. पडद्यावर किंवा कागदावर दोहोंचा परिणाम सारखाच दिसू शकतो. परंतु अनुक्रमणिका तयार करताना, दस्तऐवज दुसऱ्या प्रणालीत उघडताना किंवा दृष्टिहीन वाचक तो ऐकत असताना त्यांतील अंतर स्पष्ट होते.

या लेखात ‘+’ हे चिन्ह पहिली कळ दाबून ठेवून पुढची कळ दाबावी, या अर्थाने वापरले आहे. वेगळा उल्लेख नसेल तेथे विंडोजवरील मायक्रोसॉफ्ट वर्डचे लघुमार्ग अभिप्रेत आहेत. मॅक संगणकांवर बहुतेक ठिकाणी कंट्रोलऐवजी कमांड ही कळ वापरली जाते.

इतिहास

माऊस प्रचारात येण्यापूर्वी कळफलकाद्वारे आज्ञा देणे ही सोय नव्हती, तर तोच एकमेव मार्ग होता. मायक्रोप्रो या अमेरिकी कंपनीने १९७८ साली बाजारात आणलेल्या वर्डस्टार या प्रणालीत जवळजवळ सर्व कामे कंट्रोल कळीच्या साहाय्याने होत. त्या काळातील अनेक कळफलकांवर बाणांच्या कळाही नसत. त्यामुळे कंट्रोलसह ई, एक्स, एस आणि डी या कळा दाबून कर्सर अनुक्रमे वर, खाली, डावीकडे व उजवीकडे नेला जाई. या चार कळा कळफलकावर चौकटच्या आकारात येतात, हेच त्या निवडीचे कारण होते; त्या अक्षरांच्या अर्थाशी तिचा संबंध नव्हता. मजकूर ठळक करण्यासाठी कंट्रोल+पी आणि त्यानंतर बी अशी आज्ञा मजकुराच्या आरंभी व शेवटी द्यावी लागे.

वर्डपरफेक्ट या प्रणालीने वेगळी वाट धरली. तिच्या १९८९ मधील ५.१ या आवृत्तीत कळफलकाच्या वरच्या भागातील एफ१, एफ२ इत्यादी कार्यकळा एकट्या किंवा शिफ्ट, ऑल्ट व कंट्रोल यांच्यासह वापरल्या जात. एफ६ दाबल्यावर अक्षर ठळक होई, तर एफ८ दाबल्यावर अधोरेखित. या कळांचा आज्ञेच्या नावाशी काहीच मेळ नसल्याने कळफलकावर ठेवण्याची छापील पट्टी वापरणाऱ्यांना जवळ बाळगावी लागे.

आजच्या पद्धतीची मुळे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात आढळतात. तेथे १९७४ मध्ये बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राव्हो ही प्रणाली तयार केली. छापील पानावर मजकूर जसा दिसेल तसाच तो पडद्यावर दाखवणारी ही पहिली प्रणाली मानली जाते. त्याच केंद्रातील लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांच्या जिप्सी या प्रणालीने मजकूर कापून दुसरीकडे चिकटवण्याची कल्पना रूढ केली. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले आणि १९८३ च्या लिसा संगणकाबरोबर झेड, एक्स, सी व व्ही या शेजारशेजारच्या चार कळांची जोडणी प्रचारात आली. एक्स म्हणजे फुली मारून खोडणे आणि व्ही म्हणजे मजकूर घालण्याची उलटी खूण, असे तिचे स्पष्टीकरण टेस्लर यांनी दिले आहे. विंडोजवरही पुढे हेच संकेत कंट्रोल कळीसह रूढ झाले. त्याआधीची शिफ्ट+डिलीट, कंट्रोल+इन्सर्ट आणि शिफ्ट+इन्सर्ट ही पद्धत मात्र पूर्णपणे लोपली नाही. वर्डमध्ये ती आजही चालते.

अक्षरांची मांडणी

कंट्रोल+बी, कंट्रोल+आय आणि कंट्रोल+यू हे अनुक्रमे ठळक, तिरक्या व अधोरेखित अक्षरांसाठीचे लघुमार्ग सर्वाधिक परिचित आहेत. मजकूर आधी निवडावा लागतो. तो निवडलेला नसल्यास पुढे टंकल्या जाणाऱ्या अक्षरांना ती आज्ञा लागू होते. शिफ्टसह बाणाची कळ दाबल्यास अक्षराक्षराने, तर कंट्रोल+शिफ्टसह दाबल्यास शब्दाशब्दाने निवड वाढत जाते. कंट्रोलसह चौकोनी कंसाच्या कळा दाबल्यास अक्षराचा आकार एकेका पॉइंटने कमी-जास्त होतो. कंट्रोल+डी या लघुमार्गाने फॉन्टची संपूर्ण चौकट उघडते.

तुलनेने कमी वापरला जाणारा, परंतु अत्यंत उपयुक्त लघुमार्ग म्हणजे कंट्रोल+स्पेस. निवडलेल्या अक्षरांवर हाताने केलेले सर्व बदल तो काढून टाकतो आणि अक्षरे मूळ शैलीत परत आणतो. अनेक ठिकाणांहून चिकटवून तयार झालेला दस्तऐवज एकसारखा करण्यास त्याची विशेष मदत होते. (जुन्या मराठी फॉन्टमधील मजकुरावर मात्र तो वापरू नये, कारण पुढे दिले आहे.)

परिच्छेदांची मांडणी

कंट्रोलसह एल, ई, आर आणि जे या कळा परिच्छेद अनुक्रमे डावीकडे, मध्यभागी, उजवीकडे व दोन्ही कडांना समान असा लावतात. मध्यभागासाठी सी हे अक्षर स्वाभाविक ठरले असते. पण कंट्रोल+सी नकल करण्यासाठी राखलेले आहे. कंट्रोल+१, कंट्रोल+२ व कंट्रोल+५ यांनी ओळींमधील अंतर अनुक्रमे एकपट, दुप्पट आणि दीडपट होते. कंट्रोल+एम परिच्छेद आत सरकवतो, तर कंट्रोल+क्यू परिच्छेदावर हाताने केलेले बदल रद्द करतो.

नवीन पान सुरू करण्यासाठी अनेकजण एंटर कळ वारंवार दाबतात. वर कोठेही एक ओळ वाढली वा कमी झाली की पुढील सर्व पानांची मांडणी त्यामुळे बिघडते. कंट्रोल+एंटर हा त्यासाठीचा योग्य लघुमार्ग आहे. शिफ्ट+एंटर नवा परिच्छेद न करता केवळ ओळ तोडतो. पत्ते वा कवितेच्या ओळी टंकताना तो सोयीचा असला, तरी दोन्ही कडा समान केलेल्या परिच्छेदात अशी तोडलेली आखूड ओळ संपूर्ण रुंदीभर ताणली जाऊ शकते.

शैली आणि संरचना

कंट्रोल+बी ने ठळक केलेली आणि आकार वाढवलेली ओळ वाचकाला शीर्षकासारखी दिसते. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती साध्या परिच्छेदाचाच भाग राहते. कंट्रोल+ऑल्ट+१ दाबल्यास तीच ओळ ‘पहिल्या स्तराचे शीर्षक’ म्हणून नोंदली जाते. कंट्रोल+ऑल्ट+२ व कंट्रोल+ऑल्ट+३ यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तराची शीर्षके मिळतात, तर कंट्रोल+शिफ्ट+एन ने परिच्छेद सामान्य शैलीत परततो. शीर्षकाचा स्तर ऑल्ट+शिफ्टसह डाव्या किंवा उजव्या बाणाने बदलता येतो.

अशी नोंद झाल्यावर अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि पाने सरकल्यावर ती अद्ययावतही करता येते. शैलीच्या व्याख्येत एकदा बदल केला की त्या स्तराची सर्व शीर्षके एकाच वेळी बदलतात. शंभर पानांच्या प्रबंधात ऐनवेळी शीर्षकांचा आकार बदलण्याची सूचना आल्यास या दोन पद्धतींतील फरक काही तासांचा असू शकतो.

हा प्रश्न केवळ वेळेच्या बचतीचा नाही. दृष्टिहीन व्यक्ती संगणकावरील मजकूर वाचण्यासाठी एनव्हीडीएसारख्या पडदावाचक प्रणाली वापरतात. या प्रणालीच्या ब्राउझ पद्धतीत एच ही एकच कळ दाबून एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जाता येते. डोळस वाचक पानावरून नजर फिरवून हवा तो भाग शोधतो, त्याच्याशी ही क्रिया समतुल्य आहे. परंतु पडदावाचकाला शीर्षक समजते ते शैलीच्या नोंदीवरून. केवळ ठळक केलेल्या ओळी त्याच्या लेखी शीर्षके नसतात. त्यामुळे अशा दस्तऐवजातील सातवे प्रकरण गाठण्यासाठी दृष्टिहीन वाचकाला मधला मजकूर ऐकत जावे लागते किंवा शब्द आठवून शोध घ्यावा लागतो. माऊसच्या बाणाचे स्थान दिसत नसल्याने मांडणीचे कामही असे वापरकर्ते मुख्यतः कळफलकावरूनच करतात. डोळस वापरकर्त्याला लघुमार्गांमुळे वेग मिळतो. दृष्टिहीन वापरकर्त्याचे लेखन मात्र त्यांच्यावरच अवलंबून असते.

मराठी मजकूर आणि लघुमार्ग

लघुमार्गांतील अक्षरे इंग्रजी आज्ञांच्या आद्याक्षरांवरून आलेली आहेत. काही युरोपीय भाषांमध्ये वर्डचे लघुमार्गही स्थानिक करण्यात आले: स्पॅनिश आवृत्तीत अक्षरे ठळक करण्यासाठी कंट्रोल+एन, फ्रेंचमध्ये कंट्रोल+जी, तर जर्मनमध्ये कंट्रोल+शिफ्ट+एफ वापरतात. मराठीत टंकताना मात्र इंग्रजी लघुमार्गच चालतात. विंडोजवर इनस्क्रिप्ट कळफलक चालू असतानाही रोमन अक्षर ज्या कळीवर असते तीच कळ लघुमार्गासाठी वापरली जाते. म्हणजे ठळक करण्यासाठी कंट्रोलसह ‘व’ची कळ, तिरके करण्यासाठी ‘ग’ची आणि अधोरेखित करण्यासाठी ‘ह’ची कळ दाबावी लागते. भाषा बदलून इंग्रजीवर जाण्याची गरज नसते.

युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये तयार झालेल्या दस्तऐवजांची स्थिती वेगळी आहे. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. कृतिदेवमध्ये ‘भारत’ हा शब्द संगणकाच्या लेखी एच, के, के, जे, आर अशा पाच रोमन अक्षरांचा असतो. त्याला मराठीपण येते ते केवळ फॉन्टमुळे. फॉन्ट हाताने लावलेला असल्यास कंट्रोल+स्पेस दाबताच तो निघून जातो आणि संपूर्ण परिच्छेदाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागतात. इंग्रजीतील लहान-मोठी लिपी बदलणारा शिफ्ट+एफ३ हा लघुमार्ग तर याहून घातक ठरतो. कृतिदेवमध्ये लहान डी म्हणजे ‘क’ आणि मोठा डी म्हणजे अर्धा ‘क्’ असल्यामुळे अशा बदलाने प्रत्यक्ष अक्षरेच बदलतात. पहिल्या प्रसंगी फॉन्ट पुन्हा लावून मजकूर परत मिळतो. दुसऱ्या प्रसंगी मात्र कंट्रोल+झेड ताबडतोब दाबले नाही, तर तो परिच्छेद पुन्हा टंकावा लागू शकतो. युनिकोड मजकुरात हे दोन्ही धोके नाहीत. देवनागरीत लहान-मोठी लिपी नसल्याने शिफ्ट+एफ३ चा तेथे काही परिणाम होत नाही.

युनिकोडमध्येही एक अडचण वारंवार येते. वर्डमध्ये देवनागरीचा समावेश ‘जटिल लिपी’ या गटात होतो आणि तिचा फॉन्ट व आकार रोमन लिपीहून स्वतंत्रपणे साठवला जातो. कंट्रोल+डी ने उघडणाऱ्या चौकटीत या दोन्ही लिपींचे विभाग वेगवेगळे असतात. केवळ रोमन विभागातील आकार वाढवल्यास इंग्रजी शब्द मोठे होतात, पण मराठी मजकूर पूर्वीइतकाच राहतो. शैलीची व्याख्या करतानाही दोन्ही विभाग भरणे आवश्यक असते. लिब्रेऑफिस रायटरमध्येही अशीच विभागणी आहे.

दृश्यरूपाच्या लघुमार्गांची उपयुक्तता देवनागरीत सारखी नाही. तिरक्या अक्षरांची परंपरा रोमन मुद्रणातील आहे. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये तिरका संच नसतोच. संगणक उभे अक्षर केवळ कलते करून दाखवतो, आणि ते वाचनास सुखद नसते. अधोरेखा उकार, ऋकार व पायमोडक्या अक्षरांना छेदून जाते. त्यामुळे मराठीत भर देण्यासाठी ठळक अक्षर किंवा अवतरणचिन्हे अधिक योग्य ठरतात. दोन्ही कडा समान करताना विभक्ती प्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडलेले लांब शब्द ओळीत मावत नाहीत आणि शब्दांमध्ये मोठ्या फटी पडतात. अरुंद स्तंभांत कंट्रोल+एल अधिक समाधानकारक ठरतो.

प्रणालींमधील फरक

ठळक, तिरके व अधोरेखित यांचे लघुमार्ग जवळजवळ सर्वत्र समान असले, तरी इतर लघुमार्गांबाबत एकवाक्यता नाही. कंट्रोल+१ हा लघुमार्ग वर्डमध्ये ओळींतील अंतर एकपट करतो, तर लिब्रेऑफिस रायटरमध्ये पहिल्या स्तराचे शीर्षक लावतो. कंट्रोल+एम वर्डमध्ये परिच्छेद आत सरकवतो, तर रायटरमध्ये हाताने केलेली मांडणी पुसतो. रायटरमध्ये कंट्रोल+डी दाबल्यास चौकट उघडत नाही, तर दुहेरी अधोरेखा येते. गूगल डॉक्समध्ये शीर्षकांसाठी वर्डप्रमाणेच कंट्रोल+ऑल्टसह अंक वापरतात; पण परिच्छेद मध्यभागी आणण्यासाठी कंट्रोल+शिफ्ट+ई दाबावे लागते.

एकाच प्रणालीच्या आवृत्त्यांतही बदल होतात. वर्डमध्ये कंट्रोल+शिफ्ट+सी आणि कंट्रोल+शिफ्ट+व्ही हे लघुमार्ग दीर्घकाळ एका मजकुराची मांडणी दुसऱ्यास लावण्यासाठी वापरले जात. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या नव्या आवृत्त्यांत कंट्रोल+शिफ्ट+व्ही केवळ साधा मजकूर चिकटवतो आणि मांडणीच्या नकलेसाठी कंट्रोल+ऑल्टसह त्याच दोन कळा वापराव्या लागतात. लघुमार्ग आठवत नसल्यास वर्डच्या २००७ पासूनच्या आवृत्त्यांत ऑल्ट कळ एकदा दाबून सोडावी. वरच्या पट्टीतील प्रत्येक आज्ञेवर तिचे अक्षर उमटते आणि ते दाबून ती आज्ञा देता येते. वर्ड व रायटर या दोहोंतही वापरकर्त्याला स्वतःचे लघुमार्ग नेमता येतात. असे नेमलेले लघुमार्ग दस्तऐवजासोबत दुसऱ्या संगणकावर जातीलच असे नाही. वर्डमध्ये ते सामान्यतः नॉर्मल या मूळ साच्यात साठवले जातात, आणि कार्यालयातील संगणक बदलला की ते पुन्हा नेमावे लागतात.